पाच मिलिमीटरचा फरक

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या इमारतीचा पुनर्विकास एकदाचा ठरला. सभेत बिल्डरच्या माणसाने सांगितलं की नव्या टॉवरमध्ये फ्लॅटमागे एकच गाडी, आणि तीही स्टॅकमध्ये. म्हणजे लोखंडी पाळण्यात एक वर, एक खाली. बाकीचे देवघराच्या दिशेवरून आणि कार्पेटच्या चौरस फुटांवरून भांडले, आमच्या घरात भांडण झालं ते गाड्यांवरून. आमच्याकडे दोन आहेत. एक सासऱ्यांची, १९९५ सालची मर्सिडीज ई२२०. दुसरी माझी, गेल्या दसऱ्याला घेतलेली स्विफ्ट, झेडएक्सआय प्लस, हाताने गिअर टाकायची.

"त्या पाळण्यात मर्सिडीज मावणार आहे का? विकून टाकू," नवरा म्हणाला.

मी ऐरोलीला अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. न मोजता 'मावणार नाही' असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. रविवारी सकाळी स्टीलची टेप घेऊन खाली उतरले. बाबा, म्हणजे माझे सासरे, गॅलरीतून बघत होते, तोंडाने काही बोलत नव्हते, पण चहा थंड होऊ दिला होता यावरून काय ते कळलं.

लांबी अपेक्षेप्रमाणेच निघाली. मर्सिडीज ४७४० मिलिमीटर, स्विफ्ट ३८६०. रुंदी मात्र मी दोनदा मोजली आणि तरी पटेना म्हणून दोन्ही गाड्यांची पुस्तकं काढली. मर्सिडीज १७४०, स्विफ्ट १७३५. पाच मिलिमीटर! बऱ्या थापलेल्या भाकरीची जाडी. ज्या गाडीला अख्खी गल्ली वीस वर्षं 'रणगाडा' म्हणते, ती माझ्या 'छोट्या' गाडीपेक्षा एका भाकरीने रुंद. उंचीत तर उलटंच, स्विफ्ट १५२० आणि मर्सिडीज १४३० च्या आसपास. बिल्डरच्या कागदावर पाळण्याचं माप होतं पाच मीटर लांब, १.८५ रुंद, १.५५ उंच, वजन दोन टनांपर्यंत. मर्सिडीज आरामात बसते. माझ्या स्विफ्टच्या टपावर तीन सेंटिमीटर उरतात.

"काय गं," बाबा वरून म्हणाले, "कोण मावत नाही म्हणत होतं?"

तेव्हा जागेचा मुद्दा निकालात निघाला, आणि ठेवायची कुठली हे दुसऱ्या कशावर तरी ठरवणं भाग पडलं. ऑक्टोबरपासून सात महिने मी दोन्ही गाड्या आलटून पालटून चालवते आहे. हे लिहिणं त्या सात महिन्यांचं. तीस वर्षांचं अंतर असलेल्या गाड्यांची तुलना करणं म्हणजे आजीची नऊवारी आणि मुलीची जीन्स समोरासमोर ठेवणं, हे मला माहीत आहे. पण पाळणा एकच आहे.

आधी मर्सिडीजची जन्मकुंडली, कारण लोक तिला 'इम्पोर्टेड' म्हणतात आणि बाबांना ते आवडत नाही. ती पुण्याची आहे. या कंपनीने टेल्कोबरोबर (पुढे जी टाटा मोटर्स झाली) भागीदारी करून १९९५ मध्ये पुण्याला गाड्या जोडायला सुरुवात केली, त्या पहिल्या वर्षातली ही. मॉडेलचं आतलं नाव डब्ल्यू१२४. जर्मनीत ते १९८४ च्या अखेरीस आलं होतं, म्हणजे आपल्याकडे पोहोचेस्तोवर तिकडे त्याची निवृत्ती जवळ आली होती. आमची गाडी आधी नरिमन पॉइंटच्या एका कंपनीच्या साहेबांकडे होती, म्हणून नंबर एमएच ०१. बाबांचा वागळे इस्टेटमध्ये लेथचा छोटा कारखाना होता. २००४ मध्ये एक मोठी ऑर्डर पुरी झाली आणि त्या पैशातून त्यांनी ही जुनी गाडी घेतली. पुढच्याच वर्षी, मे २००५ मध्ये, आपल्याकडे पहिली स्विफ्ट आली. नवरा आजही म्हणतो की तेव्हा वर्षभर थांबले असते तर. बाबा आजही उत्तर देत नाहीत.

माझी स्विफ्ट चौथ्या पिढीची, मे २०२४ मध्ये आलेली. घटस्थापनेला, २२ सप्टेंबर २०२५ ला, चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, आधी उपकर धरून २९ होता. माझ्या मॉडेलवर पाऊण लाखाच्या आसपास वाचले. तेवढ्यासाठी मी गणपतीपासून थांबले होते, आणि शोरूममध्ये दसऱ्याला जी रांग होती ती बघता सगळं ठाणं माझ्यासारखंच थांबलं होतं.

आता इंजिन. स्विफ्टचं १.२ लिटर, तीन सिलिंडर, ८२ अश्वशक्ती. मर्सिडीजचं २.२ लिटर, चार सिलिंडर, १५० अश्वशक्ती. वर्गात मी मुलांना भागाकार करायला सांगितला. ८२ भागिले १.२, साधारण ६८. १५० भागिले २.२, साधारण ६८. लिटरमागे दोघींची ताकद सारखी! मागच्या बाकावरचा एक म्हणाला, "मॅडम, म्हणजे तीस वर्षांत काहीच प्रगती झाली नाही का?" प्रश्न चांगला होता. प्रगती झाली, पण ती ताकदीत झाली नाही, पेट्रोलच्या थेंबात झाली. नौपाडा ते ऐरोली या माझ्या रोजच्या रस्त्यावर, कोपरीचा पूल, हायवे आणि ऐरोलीच्या पुलाआधीचा खोळंबा धरून, स्विफ्ट लिटरला १७ देते. कंपनी २४.८० म्हणते, तो आकडा प्रयोगशाळेतला. मर्सिडीज त्याच रस्त्यावर ७ देते. लिटरला १०३ रुपये धरले तर एकीला किलोमीटरमागे सहा रुपये, दुसरीला जवळजवळ पंधरा. ऐरोलीचा टोल लहान गाड्यांना ऑक्टोबर २०२४ पासून माफ झाला, तो आनंद मर्सिडीज पुलाच्या अलीकडेच पिऊन टाकते.

बाबांकडे यावर उत्तर आहे. डब्ल्यू१२४ च्या डॅशबोर्डवर पेट्रोलच्या काट्याजवळ एक छोटा काटा आहे, तो जोरात ॲक्सिलरेटर दाबला की लाल पट्ट्याकडे झुकतो. "बघ, ती आधीच सांगते जास्त पितेय म्हणून. तुझी सांगते का?" माझी सांगते, आकड्यात, दशांश चिन्हासकट. पण मी वाद घातला नाही.

चालवायला स्विफ्ट सोपी आहे आणि यात काही चर्चा नाही. वजन सव्वानऊशे किलोच्या घरात, मर्सिडीजचं चौदाशेला टेकतं. क्लच पायाखाली लोण्यासारखा, स्टिअरिंग एका बोटावर. जांभळी नाक्याला बाजारात शिरताना, समोरून हातगाडी, डावीकडे कांद्याची पोती, उजवीकडे नंदीबैल, अशा वेळी ती जागच्या जागी वळते. पुस्तकात वळण-त्रिज्या ४.८ मीटर आहे. मर्सिडीजला वळायला एकूण अकरा मीटरच्या वर जागा लागते, तरी तिची पुढची चाकं ज्या कोनात मुडपतात ते पाहून पहिल्यांदा बघणारा घाबरतो. एवढ्या लांब गाडीला हे चांगलंच म्हणायचं. पण मागची डिकी कुठे संपते ते दिसत नाही आणि तिला कॅमेरा नाही. तिचा कॅमेरा म्हणजे आमचे वॉचमनकाका. ते "आने दो, आने दो" म्हणतात आणि मग एक क्षण गप्प होतात, त्या क्षणी ब्रेक मारायचा.

स्विफ्टमध्ये मला जे खरंच आवडलं ते जाहिरातीत ओरडून सांगत नाहीत. सहा एअरबॅग, सगळ्या सीटना तीन ठिकाणी बांधलेले पट्टे, ईएसपी, चढावर गाडी मागे न जाऊ देणारा ब्रेक, हे तिच्या सर्वात स्वस्त मॉडेललाही आहे. यातलं ईएसपी म्हणजे गाडी घसरायला लागली की एकेका चाकाला वेगवेगळा ब्रेक लावून तिला सरळ करणारी यंत्रणा. ती पहिल्यांदा विकली गेली १९९५ मध्ये, मर्सिडीजच्याच सर्वात महागड्या दोन दारांच्या एस-क्लासमध्ये. आमची ई२२० त्याच वर्षीची, त्याच घराण्यातली, आणि तिला ते मिळालं नाही. थोरल्या घरच्या मुलाचे कपडे धाकट्याला मिळावेत तसं ते तीस वर्षांनी माझ्या स्विफ्टला मिळालं. जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणाऱ्या एबीएसचंही तेच, १९७८ मध्ये एस-क्लासला आलं आणि आज कुठल्याही हॅचबॅकला आहे. अपघातात पुढचा भाग चुरगळून धक्का खाऊन टाकायचा, ही युक्तीसुद्धा याच कंपनीतल्या बेला बारेनी नावाच्या इंजिनियरची, पेटंट १९५१ चं. बळ कमी करायचं तर थांबण्याचा वेळ वाढवा, हे मी दर वर्षी जुलैत शिकवते आणि मुलं दर वर्षी ऑगस्टमध्ये विसरतात. माझी मुलगी गाडी शिकते आहे. ती स्विफ्टवरच शिकते आहे, आणि त्याचं कारण पेट्रोल नाही.

म्हणजे बघा, ताकद झिरपली, रुंदी झिरपली, सुरक्षितता तर सगळीच्या सगळी झिरपली. टायरसुद्धा, मर्सिडीजचे १९५/६५ आर १५ आणि माझे १८५/६५ आर १५. मग श्रीमंतांच्या गाडीत उरलं काय?

उरलं बसणं.

हे मला बाबांच्या कमरेने शिकवलं. बाबा ८२ वर्षांचे आहेत, कमरेच्या दोन मणक्यांत अंतर कमी झालंय. आईंची, म्हणजे सासूबाईंची, बहीण नेरूळला राहते. महिन्यातून एकदा आम्ही तिघं तिकडे जातो. ऐरोलीवरून ठाणे-बेलापूर रस्ता, वाशी, मग पाम बीच. साधारण पाऊण तास, रबाळ्याला ट्रक अडकला असेल तर त्याहून जास्त. पहिल्यांदा स्विफ्टने गेलो. बाबा चढले पटकन, कारण सीट उंच आहे, घरातल्या खुर्चीवर बसावं तसं बसले. नेरूळला उतरले आणि पहिली चार पावलं वाकून चालले, एक हात कमरेवर. पुढच्या महिन्यात मर्सिडीजने गेलो. चढायलाच मिनिटभर लागलं. छपराची कड धरायची, आधी बूड, मग एकेक पाय, "हं, हं, जमतंय मला." नेरूळला उतरले आणि सरळ लिफ्टकडे चालत गेले. मावशी दारात म्हणाल्या, "आज काय तरुण दिसताय भावजी."

एका निरीक्षणावर निष्कर्ष काढायचा नसतो. म्हणून पुढचे चार महिने मी ठरवून गाड्या आलटून पालटून नेल्या, वेळ तीच, रस्ता तोच, बाबा तेच. दर वेळी निकाल तोच. स्विफ्टमध्ये चढणं सोपं आणि उतरल्यावर त्रास, मर्सिडीजमध्ये चढणं अवघड आणि उतरल्यावर काही नाही. तुमच्या घरात सत्तरीच्या पुढचं माणूस असेल तर शोरूममध्ये त्याला गाडीत नुसतं बसवून "आरामशीर वाटतंय का?" विचारू नका. तिथे चढणं तपासलं जातं. बसणं तपासायला पाऊण तास लागतो.

कारणं शोधली. पहिलं कारण सीट. मर्सिडीजच्या सीटमध्ये स्प्रिंगा आहेत, जुन्या लाकडी सोफ्यात असायच्या तशा. हात दाबला तर आधी कडक लागते, मांडी टेकवली की हळूहळू जागा देते. स्विफ्टच्या सीटमध्ये फोम आहे. तो पहिल्या मिनिटाला जास्त मऊ वाटतो आणि तिसाव्या मिनिटाला संपतो. दुसरं कारण पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर. मर्सिडीजचं २.८ मीटर, स्विफ्टचं २.४५. आमच्या गल्लीच्या तोंडाशी शाळेसमोर एक स्पीडब्रेकर आहे, बहुतेक कुणीतरी रात्री गुपचूप बांधलेला. ताशी २० ने गेलात तर स्विफ्टची मागची चाकं पुढच्या चाकांनंतर ०.४४ सेकंदाने आदळतात, मर्सिडीजची ०.५० सेकंदाने. सहा शतांश सेकंद. कागदावर हसू येतं. पण स्विफ्टमध्ये पुढचा धक्का विरायच्या आत मागचा येतो आणि माणूस खुर्चीत डोलतो. मर्सिडीज आधी एक निस्तरते, मग दुसरा घेते. तिसरं कारण मागच्या चाकांची बांधणी. मर्सिडीजमध्ये प्रत्येक मागचं चाक पाच वेगवेगळ्या दांड्यांनी धरलेलं आहे, ही रचना त्यांनी आधी १९८२ च्या १९० मॉडेलला दिली आणि मग हिला. एक चाक खड्ड्यात गेलं तर दुसऱ्याला पत्ता लागत नाही. स्विफ्टमध्ये मागची दोन चाकं एकाच आडव्या तुळईला जोडलेली आहेत, एकाचं दुःख दुसऱ्याला कळतं. स्वस्त गाडीत तेच रास्त आहे, जागाही वाचते. घोडबंदर रोडला गायमुखच्या घाटात मात्र त्याची किंमत कंबर देते.

आणि शांतता. पाम बीचवर सानपाड्याच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला की स्विफ्टमध्ये टायरचा आवाज येतो, आम्ही थोडं मोठ्याने बोलतो. मर्सिडीजमध्ये आई मागे बसून विणताना टाके मोजतात, ते पुढे ऐकू येतं.

पावसात तिचा एकच वायपर ही वेगळी करमणूक आहे. काचेच्या मधोमध एकच दांडा, पण तो नुसता अर्धवर्तुळात फिरत नाही, कोपऱ्याकडे जाताना लांब होतो आणि परत आखूड होतो, त्यामुळे काचेचा ८६ टक्के भाग पुसला जातो. सिग्नलला शेजारच्या रिक्षातली मुलं तो बघत बसतात. २६ जुलै २००५ ला बाबा कारखान्यातून नौपाड्याला याच वायपरच्या भरवशावर आले होते, अडीच तासांत, आणि ती गोष्ट आम्ही दर जुलैत ऐकतो. स्विफ्टने अजून एकही ठाण्याचा पावसाळा बघितलेला नाही, तेव्हा तिच्याबद्दल त्या विषयावर मी गप्प.

आता सांभाळण्याचा जाच. इथे मर्सिडीजची बाजू घेणं मला जमत नाही. नोव्हेंबरमध्ये तिची तीस वर्षं झाली, नोंदणी पुन्हा करायची वेळ आली. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी हे असतं. त्याच वर्षी, २०२५ च्या ऑगस्टमध्ये, वीस वर्षांवरच्या मोटारींची ही फी ५,००० वरून १०,००० झाली होती. वर ग्रीन टॅक्स, तपासणी, आणि त्या सगळ्याआधी ७४५ रुपये आणि कर देऊन नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट. आता दोन्ही गाड्यांच्या कपाळावर एकाच वळणाच्या अक्षरांच्या पाट्या आहेत. बाबांना ते फार लागलं. जुनी पाटी, काळ्या पत्र्यावरची हाताने रंगवलेली, त्यांनी कपाटावर ठेवलीय.

पेट्रोलची वेगळी काळजी. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं मिळतं. स्विफ्ट त्यासाठीच बनवलीय. १९९५ च्या गाडीचे रबरी पाइप या हिशोबाने केलेले नाहीत, शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि ही गाडी दोन-दोन आठवडे उभी असते. म्हणून कळव्याच्या मिस्त्रींकडून सगळे पेट्रोलचे पाइप नव्या रबराचे करून घेतले आणि गाडी उभी ठेवायची तर टाकी भरून ठेवते.

मिस्त्रींवरून आठवलं. मार्चमध्ये एसी थंड करेना. एका चकाचक वर्कशॉपमध्ये नेली, जिथे कॉफी देतात. त्यांनी संगणक लावायचा प्रयत्न केला, मग डॅशबोर्डकडे बघितलं, आणि एक लाख चाळीस हजारांचं कोटेशन दिलं. आतला कूलिंग कॉइल बदलायचा, त्यासाठी संपूर्ण डॅशबोर्ड उतरवायचा. बाबा ते वाचून म्हणाले, "डॅशबोर्ड एकदा उतरला की परत तसा बसत नाही. माझं बायपास झालं तेव्हा डॉक्टरांनीसुद्धा इतकं उघडलं नव्हतं." मग कळव्याला नेली. मिस्त्रींनी साबणाचं पाणी लावलं, बुडबुडा दिसला, एका जोडावरची रबरी रिंग बदलली, गॅस भरला. साडेचार हजार. जुनी गाडी घ्यायची असेल तर आधी असा माणूस शोधा, गाडी नंतर. मिस्त्रींचं वय ६८ आहे आणि त्यांचा मुलगा बँकेत आहे, हेही लक्षात ठेवा.

नव्या गाडीला असले त्रास नाहीत असं मी ऑक्टोबरमध्ये मैत्रिणींना सांगत होते. जानेवारीत एका सकाळी स्विफ्ट सुरू केली तर डॅशबोर्डवर पिवळा दिवा. उंदीर. आमच्या इमारतीत खाली धान्याचं दुकान आहे, तिथला उंदीर रात्री गरम इंजिनावर झोपायला आला आणि झोपायच्या आधी एक वायर खाल्ली. मर्सिडीज शेजारीच उभी होती, तिला हात लावला नाही. नवरा म्हणाला, "त्यालाही कळतं अॅव्हरेज कुणाचं चांगलं आहे." मग सगळ्या मजल्यांवरून उपाय आले. डांबरगोळ्या, कडुनिंबाचं तेल, तंबाखूची पुडी. मी तंबाखू ठेवला. उंदीर गेला, पण आता एसी लावला की गाडीला पानाच्या टपरीचा वास येतो आणि स्टाफरूममध्ये माझ्याबद्दल शंका आहे.

लोक काय म्हणतात हेही लिहायलाच हवं, नाहीतर मर्सिडीजचं वर्णन अपुरं राहील. तिच्या नाकावरचा तारा बावीस वर्षांत तीनदा चोरीला गेला, शेवटचा विसर्जनाच्या गर्दीत. आता बाबांनी दोन जादा आणून डब्यात ठेवलेत, जिथे आई पूर्वी केशर ठेवायच्या. राम मारुती रोडला लग्नाच्या हॉलसमोर ती गाडी नेली तर दार उघडायला माणूस धावतो. स्विफ्ट नेली तर तोच माणूस "पुढे, पुढे, इथे नाही" म्हणतो. पण जांभळी नाक्याला मर्सिडीजमधून उतरले की कोथिंबिरीची जुडी पाच रुपयांनी महाग होते, म्हणून भाजीला स्विफ्ट. गोखले रोडला सम-विषम तारखेचं पार्किंग शोधायला स्विफ्ट. गावदेवी मैदानाखालच्या पार्किंगच्या उतारावर स्विफ्ट. मुलीला क्लासला सोडायला, गॅस एजन्सीत, कॉलेजात, स्विफ्ट. सात महिन्यांत ती ६,२०० किलोमीटर झाली. मर्सिडीज याच काळात ७४०.

मॉलमध्ये किंवा शोरूममध्ये कुणी विचारलं तर माझं उत्तर सरळ आहे. एकच गाडी परवडत असेल आणि ठाण्यात राहत असाल तर स्विफ्ट घ्या, किंवा तशीच कुठली. जुनी मर्सिडीज स्वस्तात मिळतेय म्हणून घेऊ नका. ती मिळते स्वस्तात. घरात येऊन महाग होते.

पण आमचा प्रश्न घ्यायचं काय हा नव्हता. ठेवायचं काय हा होता, आणि पाळण्यात. मी वहीत दोन रकाने केले आणि बराच वेळ स्विफ्टच जिंकत होती. मग लक्षात आलं की मी चुकीचा प्रश्न सोडवते आहे. जी गाडी रोज सकाळी सातला बाहेर पडते आणि संध्याकाळी येते, तिला पाळण्यात चढवायची तर रोज दोनदा खालच्या गाडीवाल्याला फोन, यंत्र खाली येईपर्यंत उभं राहणं, आणि टपावर तीन सेंटिमीटर. जी पंधरा दिवसांतून एकदा हलते, उन्हापावसात जिचे रबर वाळतात, जिचा तारा चोरतात, ती वर ठेवली तर कुणाला काही त्रास नाही. स्विफ्ट बाहेर राहील. शेजारच्या बंगल्यातल्या आजी महिना अडीच हजारांत आवार द्यायला तयार आहेत, अट एकच, तुळशीला धूर लागता कामा नये.

नवऱ्याला हे पटायला दोन दिवस लागले. बाबांना सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, खाली जाऊन मर्सिडीज सुरू केली आणि तेलाच्या दाबाचा काटा वर चढेपर्यंत आत बसून राहिले.

काल सोसायटीचा फॉर्म भरला. पार्किंगच्या रकान्यात बाबांनी 'एमएच ०१' लिहिलं आणि पेन तसंच धरून मला विचारलं, "तुझी पावसात भिजेल ना गं?"

"भिजू दे बाबा," मी म्हटलं, "तिला अजून जवळजवळ अडीच वर्षं वॉरंटी आहे."